खुशालीच्या पुढचं

मुग्धाला वाटलं होतं, सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या पलीकडे जिथे तीन देशांच्या सीमा जवळजवळ येतात, तिथली हवा नुसती भाषांनी भरलेली असेल. प्रत्येक तंबूत एक रेडिओ, प्रत्येक ट्रकमध्ये एक. कुठे मल्याळी बातम्या, कुठे उर्दू गझला, कुठे बंगाली, कुठे फारसी. प्रत्यक्षात काय सापडलं? सात दुकानं पालथी घातल्यावर एक रेडिओ. तोही बंद, आणि त्याच्यावर चहापत्तीचे पुडे रचलेले. दुकानदाराने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, मोबाइल नहीं है क्या आपके पास?"

गोष्ट ऐकणारी पोरं हसली. रत्नाकरकाका हसले नाहीत. त्यांनी चिमट्याने शेगडीतला एक निखारा उलटा केला. धाहरानच्या कॅम्पमधल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात डिसेंबरची थंडी होती, कणसं भाजून खाऊन झाली होती आणि सुट्टीवर आलेली चारपाच कॉलेजची मुलं शाली पांघरून बसली होती.

"भुताची गोष्ट सांगतो म्हणालात काका, आणि सुरुवात रेडिओने?" आदित्य म्हणाला.

"तुला भूत लगेच हवंय? मग आरशात बघ," काका म्हणाले. "ही ऐकीव नाही हां. मुग्धाचे वडील आणि मी पंचवीस वर्षं एका कंपनीत. तिने स्वतः मला सांगितलंय, याच अंगणात. आणि सांगताना मध्येच थांबायची. मीही थांबेन. तेव्हा कुणी बडबड करायची नाही."

तर मुग्धा. तिचे वडील इथे धाहरानला आणि आई, डॉक्टर पद्मिनी, तिकडे हफ्रच्या एका खासगी दवाखान्यात. पोरगी शिकायला गेली ती थेट टेक्ससला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका गावात. तिथे मधून नदी वाहते. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. आणि नदीकाठी एक छोटंसं स्पॅनिश रेडिओ केंद्र. शनिवारी संध्याकाळी तिथे लोकांचे निरोप लावतात. पोरगा नदीअलीकडे कामाला, आई पलीकडे स्वयंपाकघरात. रेडिओवर त्याचा आवाज येतो, "आई, माझा हात मोडलाय, पण प्लास्टर केलंय, पैसे या महिन्यात उशिरा येतील." आई ऐकते. रडते. शेजारीणही रडते. मुग्धाने तिथे दोन वर्षं फुकट काम केलं. त्या केंद्राचा एक नियम तिच्या हाडात मुरला होता: निरोप तीस सेकंदांचा, आणि घ्यायचा तो सुरुवातीचा. कारण तिथला माणूस महत्त्वाचं ते आधी बोलून टाकतो.

परत आली ती पेटून. "काका, इथे एवढी माणसं, आणि त्यांचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही," असं मला फोनवर सांगायची. मी म्हटलं, अगं, सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे. तर म्हणाली, "गावात आहे. रुकईच्या रस्त्याला चाळीस किलोमीटर पुढे जा, मग मोबाइलवर रेंजची एक दांडी दाखवा."

खरं होतं ते. सीमेकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आत, वाळवंटात, मेंढ्यांचे तळ आहेत. एक कुंपण, एक पाण्याची टाकी, एक माणूस. रेंज नाही. आणि तिथे, पोरांनो, तिथे मात्र रेडिओ होता. खिशातला, दोन सेलवाला. रात्री मिडियम वेव्ह लांबवर जाते. दिवसा ज्या जागी नुसती खरखर, तिथे रात्री दहानंतर कुठली कुठली केंद्रं बोलायला लागतात. सीमेपलीकडचं एक छोटं हिंदी केंद्र शुक्रवारी रात्री कामगारांचे पैगाम लावायचं. मुग्धाने त्यांच्याशी संधान बांधलं. ती निरोप गोळा करणार, कापून तीस सेकंदांचे करणार, ते लावणार. तीच क्लिप ती घरच्यांना भारतात पाठवणार.

आईच्या दवाखान्याचा ड्रायव्हर कादिर तिच्याबरोबर जायचा. खेडचा. सव्वीस वर्षं इथे. तिला 'बाय' म्हणायचा.

जूनमधल्या बकरी ईदच्या आदल्या दिवशी, रस्त्यावरच्या एका चहाच्या दुकानात तिला जमालुद्दीन भेटला. म्हसळ्याकडचा. पन्नाशीचा माणूस, पाण्याचा टँकर भरायला आलेला. मराठी बोलणारी पोरगी बघून त्याला कोण आनंद! स्टूल पुसून दिलं, चहा पाजला. तिने रेकॉर्डर समोर धरला आणि हा बोलायला लागला. "आलिमा, मी बरा हाय गो. खुशाल हाय. काळजी करू नको. पोरांना सांग, अब्बा मजेत हाय." मग आंब्याचं झाड, मग शेजारच्याचं आजारपण, मग कुठल्याशा रस्त्याचं लांबच लांब वर्णन, इकडे वळ, तिकडे वळ. मुग्धाचं लक्ष घड्याळाकडे. अजून सहा माणसं रांगेत. चार मिनिटं झाली तेव्हा ती म्हणाली, "झालं ना, चाचा?"

"झालं," तो म्हणाला.

घरी येऊन तिने पहिली तीस सेकंदं ठेवली. छान होती. उमेद होती त्यात. बाकीचं ऐकलंसुद्धा नाही. कार्ड भरलं होतं म्हणून पुसून टाकलं.

काका थांबले. 

आता तुम्ही सांगा, आपला माणूस घरी पत्र कसं लिहायचा? तुमच्या आजोबांना विचारा. आधी खुशाली. इकडील सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पाऊसपाणी. आणि मग अगदी तळाशी, कागद संपता संपता, खरी गोष्ट. जमीन गेली. आजी गेली. मी आजारी आहे. कोकणातला माणूस तर विचारूच नका. तो दुखणं सांगायच्या आधी दोन झाडांची चौकशी करील. मुग्धा लहानपणापासून इंग्रजी शाळेतली, मग टेक्ससची. तिने असं पत्र कधी पाहिलंच नव्हतं.

दहा जुलैला तिला म्हसळ्याहून फोन आला. "मी आलिमा. तुम्ही त्यांचा आवाज पाठवलेला." ईदला फोन नाही. त्यानंतर नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, माणूस पळाला, मी हुरूब लावलाय. हुरूब म्हणजे माहीत आहे ना? कामगार फरार झाल्याची नोंद. एकदा ती लागली की तो माणूस हरवलेला राहत नाही, गुन्हेगार होतो. त्याला कुणी शोधत नाही. सापडला तर पकडतात.

"ताई," आलिमा म्हणाली, "माझी पोरं शाळेत जातात. बाप पळाला म्हणून त्यांना चिडवतात. तो पळणारा माणूस नाय. मेला असला तर मेला म्हणून सांगा. मी विधवा म्हणून इद्दतला बसेन. पण पळाला म्हणू नका."

मुग्धा पोलिसांत गेली. तिथल्या माणसाने संगणकात पाहिलं, इकाम्याचा, म्हणजे रहिवासी परवान्याचा, नंबर वाचला, चहा विचारला आणि म्हणाला, हुरूब आहे. खलास. दुसऱ्यांदा गेली. खलास. मालक फोन उचलेना. कादिरला घेऊन ती दोनदा दिवसाढवळ्या रस्ता धुंडाळून आली. अठ्ठेचाळीस डिग्री. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू, आणि आत जाणाऱ्या टायरच्या खुणा शेकड्यांनी. त्या चार मिनिटांत त्याने सगळा पत्ता सांगितला होता एवढं तिला आठवत होतं. पत्ता आठवत नव्हता.

आता रात्र सांगतो. चोवीस जुलै, दोन हजार पंचवीस. गुरुवार. आषाढातली अमावास्या.

"म्हणजे गटारी!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"हो, गटारी. इथे कसली गटारी, इथलं ताक, लबन पिऊन?" काका क्षणभर हसले. "तिच्या आईने दिवे घासून पुजले होते. दिव्याची अवस. पोरीने नमस्कार केला आणि म्हणाली, रात्रीचं एकदा बघून येते, तळावर दिवा असेल तर लांबून दिसेल. आईने कादिरला बजावलं, डांबरी रस्ता सोडायचा नाही."

अकरा वाजता ते चाळीसचा दगड ओलांडून गेले. मुग्धा चालवत होती. कादिर शेजारी. चंद्र नाही. धुळीमुळे चांदण्याही नाहीत. कुठेही दिवा नाही. साठपर्यंत जाऊन ते परत फिरायचं ठरवत होते. शांतता खायला उठली म्हणून कादिरने रेडिओ लावला. मिडियम वेव्ह. अरबी गाणं. मग खरखर. मग कुराणपठण, मग पुन्हा खरखर.

अकरा चाळीसला त्या खरखरीत चहाचे ग्लास वाजले.

खरंच. काचेचे छोटे ग्लास ट्रेमध्ये आपटतात तसे. किटलीचं झाकण वाजलं. कुणीतरी खोकलं. आणि मग माणूस बोलायला लागला.

"...आणि आंब्याला औंदा पाणी घाल गो. शेजारच्या इब्राहिमला विचार, गुडघा कसा हाय..."

कादिर म्हणाला, "आपला माणूस हाय कोणतरी! आमच्याकडली बोली."

 मुग्धाने ब्रेक दाबला होता, हे तिला नंतर कळलं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. आवाज कुठून सुरू झाला होता ते तिला बरोबर माहीत होतं. तिने कापलं होतं, तिथून.

"...तुझ्या भावाला खफजीला फोन कर. त्याला म्हणावं, मला न्यायला ये. मालक ईदला टँकर घेऊन जातोय. मी मेंढरांपाशी एकटाच. टाकी गळते. चार दिवस पुरेल, लय झालं तर पाच. त्याला पत्ता सांग. रुकईच्या रस्त्याला चौसष्टचा दगड. तिथून डावीकडे..."

"कादिरभाई," मुग्धा म्हणाली, "हे मी पुसलं होतं."

"काय?"

"हे... मी पुसलं होतं."

चौसष्टचा दगड चार किलोमीटरवर होता. तिने गाडी दामटली. कादिर म्हणत होता, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, बाय, रस्ता सोडायचा नाही. मग तोच दगडांवरचे आकडे वाचायला लागला. ज्या माणसाने पत्ता सांगायचा तो सांगत होता. त्याला कोण नाही म्हणणार?

दगडापासून डावीकडे. दोन किलोमीटर. पडकं कुंपण. कुंपणाच्या उजव्या हाताने. एक गाडीचा सांगाडा लागेल, तो सोडून सरळ. जे जे आवाज सांगत होता ते ते गाडीच्या दिव्यांत येत होतं. कुंपण आलं. सांगाडा आला. आणि एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली. रस्ता सोडून ते जितके आत जात होते, तितका आवाज स्वच्छ होत होता.

साडेबाराला तळ लागला.

मेंढ्या नव्हत्या. मालकाने कधीच हलवल्या असणार. पत्र्याची खोली, दार सताड उघडं. एक टाकी. मुग्धा उतरली, टाकीवर हात मारला. ढण्ण वाजली. तळाला नळाजवळ भेग होती. बोट जाईल एवढी. खोलीत चटई, एक रिकामा डबा. बस.

ती परत गाडीत येऊन बसली. रेडिओ चालूच होता. ग्लास वाजत होते. मग त्यात एक बाईचा आवाज आला. घाईतला. जरा कंटाळलेला.

"झालं ना, चाचा?"

तो मुग्धाचाच आवाज होता.

तिला पुढचं माहीत होतं. पुढे तो 'झालं' म्हणाला होता. तिथे रेकॉर्डिंग संपलं होतं. ती वाट बघत राहिली.

ग्लास वाजायचे थांबले. किटली थांबली. दुकान थांबलं. मागे आता नुसता वारा होता.

"नाय," जमालुद्दीन म्हणाला. "आता पुढचं ऐक."

कादिरने डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते.

"टाकी पाचव्या दिवशी संपली. मेंढरं ओरडाय लागली. शुक्रवारी रात्री रेडिओ लावला. म्हटलं, आज पैगाम लागेल. मेहुणा ऐकेल. येईल." वारा. "लागला. खुशाल हाय, म्हणालो. काळजी करू नको, म्हणालो. मग दुसऱ्याचा लागला."

मुग्धाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मग मी चालाय लागलो. टाकीच्या मागनं. एक तारा समोर ठेवून."

तारा नव्हता. धूळ होती. तिने टाकीच्या मागून गाडी घातली. कशाच्या आधाराने? आवाजाच्या. डावीकडे वळलं की आवाज फिका. उजवीकडे वळलं की जवळ. दहा मिनिटं. वीस.

"हितं बसलो."

दहा मिनिटं.

"हितं चप्पल गेली."

पुढे...

"हितं पडलो. उठलो."

पुढे...

"थांब."

ती थांबली.

"हितंच."

दिव्यांच्या उजेडात वाळू होती. सपाट. झुडूप नाही, दगड नाही, उंचवटा नाही. दोघं उतरले. मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरले. एक फेरी. मग मोठी फेरी. मग आणखी मोठी. जूनपासून दोन वावटळी होऊन गेल्या होत्या. त्या वाळूखाली काय आहे, किती खाली आहे, कोण सांगणार? मुग्धा गुडघ्यांवर बसून हाताने उकरायला लागली. गरम होती अजून, रात्री दोनला. वीतभर उकरलं की कडांची वाळू आत. उकरलं की आत. कादिरने तिला धरलं.

"बाय. पुरे. बाय..."

"चाचा, कुठे? नीट सांगा ना. कुठे?" ती गाडीकडे बघून ओरडली.

रेडिओ खरखरला. मग निवेदकाचा उत्साही आवाज आला. "और अब अगला पैगाम, जमालुद्दीन साहब की तरफ़ से!"

"आलिमा, मी बरा हाय गो. खुशाल हाय. काळजी करू नको. पोरांना सांग, अब्बा मजेत हाय."

तीस सेकंदं. तिची तीस सेकंदं. नीट कापलेली.

"और अब अगला पैगाम..."

"आलिमा, मी बरा हाय गो. खुशाल हाय..."

पुन्हा.

पुन्हा.

तिने धावत जाऊन रेडिओ बंद केला. शांत झालं. आणि ती शांतता तिला सहन होईना. कुणाला तरी अर्ध्या बोलण्यात गप्प केल्यासारखं वाटलं. पुन्हा एकदा. तिने तो चालू केला.

"...काळजी करू नको..."

उजाडेपर्यंत तो तेवढंच बोलत होता. पत्ता नाही. पुढचं नाही. नुसती खुशाली. ती दोघं गाडीला टेकून ऐकत राहिली. दुसरं काय करणार?

काकांनी पाण्याचा घोट घेतला. शेगडी विझत आली होती, पण कुणी उठलं नाही.

साडेचारला पूर्व फटफटली तसा आवाज विरत गेला. मिडियम वेव्हचं तसंच असतं म्हणा, दिवस उगवला की जाते. उजेडात चारी बाजूंनी क्षितिजापर्यंत वाळू. रेंज नाही. मुग्धाने मोबाइलवर जागेची खूण नोंदवून ठेवली. त्याला उपग्रह पुरतो, रेंज लागत नाही. तिचा घसा सुकून लाकूड झाला होता. कादिर म्हणाला, डिकीत पाण्याचा खोका आहे, आणतो.

तो गेला. बराच वेळ आला नाही.

ती मागे गेली तेव्हा तो डिकीपुढे उकिडवा बसला होता. खोका त्याने काल संध्याकाळीच घेतलेला. चाळीस बाटल्यांचा. वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं, कुठे फाटलेलं नाही, फक्त आता त्याने एका कोपऱ्यात फाडलं तेवढंच. त्याने एक बाटली काढून तिच्या हातात दिली. हलकी. तिने झाकण पाहिलं. सील शाबूत. फिरवलं, सील कट्‌ करून तुटलं. आत थेंब नाही. दमटपणासुद्धा नाही. दुसरी काढली. सील शाबूत. कोरडी. तिसरी. दहावी. चाळीसच्या चाळीस.

कादिर म्हणाला, "तहानलेला होता बिचारा." आणि रडायला लागला.

मुग्धा रडली नाही. तिने ती फोडलेली झाकणं एकेक करून खोक्यात टाकली. मग तिने मोबाइल कादिरच्या हातात दिला.

"कादिरभाई, गाडी घ्या आणि हफ्रला जा. पोलिसांना ही जागा दाखवा."

"चल की, बस."

"मी येत नाही."

"येडी झालीस काय? सहा तासांत काय होतं हितं, ठाव हाय? तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"आईला खरं सांगा. पोलिसांना चाचांचं नाव आधी सांगू नका. हुरूब म्हणतील, खलास म्हणतील, चहा विचारतील. सांगा, डॉक्टर पद्मिनींची मुलगी वाळवंटात एकटी बसलीय, तिच्याकडे पाणी नाही, आणि ती उठायला तयार नाही. चाचांसाठी ते येणार नाहीत. माझ्यासाठी यावंच लागेल. आणि येताना फावडी आणा म्हणावं. जागा उकरल्याशिवाय मी हलणार नाही."

"बाय, ऐक माझं..."

"यल्ला, निघा, कादिरभाई. ऊन चढतंय."

तो दोनदा गाडीत बसला, दोनदा उतरला. शेवटी त्याने डोक्यावरचा रुमाल काढून तिला दिला आणि निघाला. धूळ बराच वेळ दिसत होती. मग तीही दिसेना.

तेव्हा मुग्धाने रुमाल डोक्यावर बांधला आणि जिथे 'हितंच' म्हटलं होतं, तिथे मांडी घालून बसली.